इराणशी बोलणीच हवीत

महोदय,
इराणचा अणुकार्यक्रम बॉम्ब टाकूनच संपवायला हवा, असे हल्ली सीताबर्डीच्या चहाटपरीवरही ठासून बोलले जाते. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेसह काही देशांनी इराणशी केलेल्या २०१५ च्या व्हिएन्ना कराराने इराणचे युरेनियम समृद्धीकरण (म्हणजे युरेनियममधला इंधनाला आणि बॉम्बला लागणारा भाग वाढवणे) ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर रोखला होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत जाऊन तपासत होते आणि अटी पाळल्या जात असल्याचे सांगत होते. २०१८ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. २०२१ मध्ये इराण समृद्धीकरणात ६० टक्क्यांवर पोहोचला. जून २०२५ मध्ये फोर्डो, नतान्झ या इराणी अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब पडले आणि पुढच्याच महिन्यात इराणने निरीक्षकांशी सहकार्य थांबवले. म्हणजे साठ्यावर नजर ठेवणारे डोळेच गेले! तिथली राजवट भरवशाची नाही, हे मान्य. पण म्हणूनच तर तपासणी हवी ना?

माझा भाचा कतारमध्ये नोकरीला आहे. २३ जूनच्या रात्री तिथल्या अमेरिकी तळावर इराणी क्षेपणास्त्रे आली, तेव्हा माझी बहीण इथे पहाटेपर्यंत फोन हातात घेऊन बसली होती.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर