मॅडम, तुम्ही पेनाला टोपण लावलंत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू द्या, पुढच्या सेशनचं काय ठरलं?" म्हणून विषय बदलता. म्हणून फोनवर न बोलता हे उघड पत्र लिहितो आहे. तुमचं नाव घेत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. ज्या कंपनीच्या कामात आपण दोघं कोच म्हणून एकत्र आलो तिचं नाव, गाव, धंदा यातलंही काही लिहीत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. एवढं सगळं वगळून जे उरतं ते तुम्ही माझ्याशी कसं वागलात, आणि ते सांगायला मला कुणाची परवानगी लागू नये.

माझी उमेदीची वर्षं नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेली. सुपरवायझर म्हणून लागलो, प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. लाइनवरच्या माणसाला तयार उत्तर न देता नीट प्रश्न विचारला, तर तो स्वतःच तोडगा काढतो, हे तिथंच पाहिलं होतं. त्याला कोचिंग म्हणतात आणि ते रीतसर शिकता येतं हे कळल्यावर शिकलो. शिकणं सोपं गेलं. अडलं ते त्यानंतर.

आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था कोचना तीन पायऱ्यांवर प्रमाणपत्र देते. पहिल्या पायरीला प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास लागतात, दुसरीला ५००, तिसरीला २५००. यातले बहुतेक तास पैसे देणाऱ्या क्लायंटसोबतचे असावे लागतात. म्हणजे प्रमाणपत्रासाठी क्लायंट हवेत, आणि क्लायंट म्हणतो आधी प्रमाणपत्र दाखवा. हा पेच एकट्याच्या बळावर फार थोड्यांना सुटतो. बाकीच्यांना आधी पोचलेल्या कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि नेमक्या त्याच जागी त्यांची अडवणूक होते.

माझी झाली. एका एजन्सीनं मला असोसिएट कोच म्हणून घेतलं. मानधन कमी, पण तुमचे तास भरतील, हे त्यांचं आश्वासन. स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड द्यायचं नाही, क्लायंटला नंबर द्यायचा नाही, या अटी. आढावा बैठकीत मला भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवलं, आणि मी ज्या सुपरवायझरांचं कोचिंग केलं होतं त्यांच्यापैकी एकाशीही ज्या माणसानं कधी बोलणं केलं नव्हतं त्यानं पडद्यावर माझं काम वाचून दाखवलं. पैशांबद्दल विचारलं की "क्लायंटकडून आले की बघू." लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे चुकते करायला ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, आणि सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी केलेल्या सेवा व्यावसायिकालाही त्या कायद्याचा आधार मिळतो, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. पण तासांची नोंद करायला क्लायंटचं नाव आणि संपर्क लागतो, आणि ती यादी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. असं बांधून ठेवलेल्या माणसानं बोलायचं कसं?

नंतर एका नावाजलेल्या कोचनी "आपण पार्टनरशिप करू" म्हणून बोलावलं. तासभर मोठमोठ्या गोष्टी झाल्यावर कळलं की पार्टनरशिप म्हणजे त्यांचा कोर्स मी विकत घ्यायचा. सकाळच्या नाश्त्याला जमणाऱ्या व्यावसायिकांच्या एका गटातही जाऊन आलो. तिथं कोणी कुणाला किती रेफरल, म्हणजे शिफारस करून पाठवलेली गिऱ्हाइकं, दिली याचा हिशोब व्हायचा. त्या रेफरलमधला माणूस कोण आहे, त्याला काय हवंय, त्याच्यासाठी कोणता कोच योग्य, हे कुणी विचारताना मी ऐकलं नाही.

अशा सगळ्यानंतर तुमचा फोन आला. आपली ओळख म्हणजे पुण्यातल्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत झालेलं बोलणं. त्या वेळी तुम्ही विचारलं होतंत की कोचिंग कुठल्या भाषेत करता, आणि मी मराठीत म्हटल्यावर तुम्ही ताट हातात धरून बराच वेळ त्याबद्दलच विचारत राहिलात. ते तुमच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

काम असं होतं. वडिलांनी शून्यातून उभी केलेली कंपनी, आता कारभारात मुलगा आलेला, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना. मुलाचं कोचिंग तुम्ही करत होतात. कंपनीनं सुचवलं की वडिलांचंही तुम्हीच करा. फी दुप्पट झाली असती, माणसं ओळखीची, जाणं-येणं एकच. तुम्ही नकार दिलात. ज्या दोघांचं एकमेकांशीच अडलंय त्या दोघांनी एकाच कोचपाशी मन मोकळं करायचं म्हटलं, तर दोघेही हातचं राखून बोलणार, हे तुम्ही कंपनीला समजावलंत. वडिलांसाठी वेगळा कोच हवा, आणि तो मशीनवर उभा राहिलेला, मराठीत बोलणारा हवा, असं म्हणून माझं नाव दिलंत.

कोचना भागीदार कशाला लागतो, असं मला लोक विचारतात. उत्तर इथं आहे. वरचा आणि खालचा, बाप आणि लेक, दोन भांडणारे भागीदार, यांना एकच कोच पुरत नाही. कंपनीला एका वेळी दहा-बारा मॅनेजरांचं कोचिंग हवं असतं, तेव्हाही पुरत नाही. क्लायंटला दोन-तीन कोचना भेटून निवड करायची असते, तेव्हा आपल्याशिवाय दुसरं चांगलं नाव पुढे करता आलं पाहिजे. एकट्या कोचचा धंदा एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि थांबतो, आणि त्या मर्यादेपाशी उभं राहून काही जण मिळेल ते सगळं स्वतःच ओढायला लागतात. तुम्ही तसं केलं नाहीत.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते पुढचं आहे.

कंपनीतली पहिली बैठक. लांब टेबल, समोर फायनान्स बघणारे गृहस्थ आणि एचआरच्या प्रमुख, मी तुमच्या डाव्या हाताला. चहा आला तो आधी तुमच्यापुढे. मग प्रश्न सुरू झाले, सगळे तुम्हाला. यांचा अनुभव किती? मोठ्या साहेबांपुढे यांचा निभाव लागेल का? हे चार्ज किती करतात? मी हाताच्या अंतरावर बसलेलो, आणि माझ्याबद्दलचा एकेक प्रश्न माझ्या डोक्यावरून तुमच्याकडे जात होता.

तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. पेनाचं टोपण टेबलावर पडलं होतं ते उचललंत, पेनाला लावलंत. वही मिटलीत, पेन तिच्यावर आडवं ठेवलंत, खुर्ची माझ्याकडे वळवलीत आणि माझ्याकडे बघत बसलात. खोलीत कुणालाच काय करावं कळेना. शेवटी तुमची नजर जिकडे होती तिकडे त्या गृहस्थांनाही वळावं लागलं, आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला "तुमचा अनुभव किती?" असा.

मी सांगितला. मोठे साहेब लेथवर उभे राहून वर आलेत, मीही शॉप फ्लोअरवरच वाढलोय, आमचं बोलणं कुठून सुरू होईल हे मला माहीत आहे, असं म्हणालो. फी सांगितली, मनाशी ठरवली होती तीच, एक रुपया कमी न करता. तुम्ही वही पुन्हा उघडलीत ती मी बोलत असताना, माझं बोलणं टिपून घ्यायला.

त्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं दिली असतीत, अगदी माझं तोंडभर कौतुक केलं असतंत, तरी त्या कंपनीत मी तुमचा मदतनीस ठरलो असतो. मग वडिलांना असं वाटलं असतं की मुलाला खरा कोच दिला आणि आपल्याला त्याचा सहायक. ज्यानं आयुष्यभर स्वतःच्या हिमतीवर कारखाना चालवला तो माणूस असल्या सहायकापुढे काय बोलणार? तुमच्या त्या कृतीनं माझी पत राहिली, आणि त्यांचं कामही पुढे नीट झालं. अशा मोक्याच्या क्षणी गप्प बसायला किती खात्री लागते हे मला आता, माझ्यासोबत दुसरे कोच घेऊन बैठकांना जाताना कळतंय. उत्तर जिभेच्या टोकावर असतं. समोरचा आपल्याकडेच बघत असतो. ते उत्तर गिळायचं आणि सोबतच्याकडे वळायचं, हे सोपं नाही.

परतताना गाडीत तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मीही नाही काढला, कारण गळा भरून आला असता.

बाकीचं व्यवहाराचं तुम्ही एका पानाच्या पत्रात बसवलंत. बिल कोण देणार, वाटा किती, काम संपल्यावर क्लायंट पुन्हा आला तर कुणाकडे जाणार. माझ्या फीमधून समन्वयाचे १० टक्के तुम्ही घेणार होतात, आणि ते तुम्ही त्याच बैठकीत कंपनीला स्वतःहून सांगितलंत. फेडरेशनच्या आचारसंहितेत असं उघड सांगणं अपेक्षित आहे. आम्ही सगळ्यांनीच ती परीक्षेसाठी वाचलेली असते. पण पैसे देणाऱ्या पार्टीसमोर, टेबलावर, शांतपणे ते बोलून दाखवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. कंपनीचे पैसे यायला उशीर झाला तेव्हा माझा वाटा तुम्ही आधी दिलात. मी मागितला नव्हता. आणि आजतागायत तुम्ही मला मुलाबद्दल किंवा मी तुम्हाला वडिलांबद्दल एक अक्षर बोललेलो नाही.

आणखी एक. मागे एका वेगळ्या कामात मला जाणवलं की समोरच्याचा त्रास कोचिंगच्या पलीकडचा आहे. तुम्हाला फोन केला, तर तो कोण, कुठला, तुम्ही काही विचारलं नाहीत. त्याच संध्याकाळी दोन समुपदेशकांचे आणि एका मानसोपचारतज्ज्ञांचे नंबर आले, आणि सोबत एवढंच, की आपलं काम कुठे थांबतं हे ओळखणारा कोच मला सोबतीला हवा. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच भागीदार आहोत.

विश्वासावर पोट भरणाऱ्या या धंद्यात मी अशी माणसं पाहिली आहेत जी स्टेजवरून विश्वासावर बोलतात आणि सोबत काम करणाऱ्याचे पैसे अडकवतात. क्लायंटला ऐकून घ्यायला शिकवतात आणि स्वतःच्या असोसिएटचा फोन उचलत नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग आहे, तो मी लपवत नाही. पण त्यांच्यामुळे मी हा व्यवसाय सोडणार होतो आणि तुमच्यामुळे राहिलो, हे त्या रागापेक्षा मोठं आहे. चांगुलपणाला मार्केटिंग लागत नाही असं नाही, लागतं. म्हणून तर हे लिहितोय. तुमच्यासारखं वागूनही धंदा वाढतो हे नव्या कोचना दिसलं पाहिजे. तुमचा वाढलाय, माझाही वाढला. आज वाळूजला, चाकणला, गोकुळ शिरगावला दुसरी पिढी कारखान्यांचा कारभार हातात घेते आहे, आणि पहिल्या पिढीशी तिच्या भाषेत बोलू शकणारे कोच पुरेसे नाहीत. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्याइतकं काम कमी नाहीये.

आता कामाचं, म्हणजे तुम्हाला विषय बदलावा लागणार नाही. दोन तरुण कोच माझ्यासोबत काम सुरू करताहेत. आपलं ते एक पानी पत्र मी त्यांच्यासाठी नमुना म्हणून वापरणार आहे, तुमचं नाव काढून. त्यात एक कलम वाढवतो आहे: क्लायंटचे पैसे उशिरा आले तरी सोबतच्या कोचचा वाटा ठरल्या तारखेला द्यायचा. तुम्ही ते न लिहिता पाळलंत. मी ते लिहून ठेवतो, म्हणजे मलाही पाळावं लागेल. मसुदा तुम्हाला मेल केला आहे. शब्दांत काही बदल सुचत असेल तर सांगा, नाहीतर सोमवारी दोघांच्याही सह्या घेतो.

तुमचा,
नाशिकचा सहकारी