पंख पसरायलाही जागा नाही

महोदय,

चोर्ला घाट उतरून येणारे, मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांचे टेम्पो पहाटे गोव्यातल्या आमच्या साखळीतून जातात. परवा नातीने विचारले, "आजी, ह्यांना पंख पसरता येतात?"

नाही येत. अंड्यांच्या पोल्ट्रीत तर पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला ए-फोर कागदाहूनही कमी जागा मिळते. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगानेही २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात या पिंजऱ्यांविरुद्ध मत दिले. मुलांना हे कोण सांगणार?

मी शाकाहाराचा आग्रह धरत नाही. आमच्या घरात मासळी शिजते. पण परसात उकरत फिरणारी गावठी कोंबडी पाहत मी वाढले, म्हणून हे पिंजरे सोसवत नाहीत.

कळवळा मुलांकडे आहे, रीत शिकवायला हवी. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा, रविवारच्या ग्रामसभेत मुद्दा कसा मांडावा, कर्ज काढून शेड उभारलेल्या पोल्ट्रीवाल्याचे आधी ऐकून कसे घ्यावे. हे शेवटचे सर्वांत कठीण. हे शिकायला येणाऱ्या पंधरा मुलांसाठी मे महिन्यात माझी ओसरी मोकळी आहे. कायदा जाणणारे वकील आणि पशुवैद्य यांनी दोन-दोन दिवस द्यावेत.

— एक निवृत्त शिक्षिका, साखळी