देवदाराचा शेंडा कुणाच्या आदेशाने छाटला?

माननीय वनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी शासकीय वनस्पती उद्यानातील देवदाराचा शेंडा छाटण्यात आला. कारण विचारले असता, ‘शेंडा खाली लोंबत होता, शेजारचे तेच झाड मात्र ताठ आहे, त्यामुळे रोग समजून तो कापला’, असे लेखी उत्तर मिळाले. महोदय, शेजारचे झाड ‘तेच’ नाही. ते लेबनॉनचे सीडर आहे. देवदाराचा कोवळा शेंडा झुकलेलाच असतो आणि दुरून तो ओळखू येतो तो त्यामुळेच. दोन्ही झाडांवर ‘देवदार’ अशीच पाटी असल्याचे मी दोन वर्षांपूर्वी आपणांस समक्ष सांगितले होते, आणि महिनाभरात पाटी बदलेल असा शब्द आपण चारचौघांसमोर दिला होता.

ही झाडे सीड्रस या एकाच प्रजातीतली असल्याने गल्लत होऊ शकते, हे मला मान्य आहे. दोघांचेही शंकू फांदीवर उभे राहतात आणि पिकल्यावर झाडावरच सुटे होतात. परंतु देवदाराची पाने साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर लांब व मऊ असतात, तर लेबनॉनच्या सीडरची आखूड आणि ताठ. शिवाय त्याच्या वाढत्या वयात फांद्या मजल्यांसारख्या आडव्या पसरतात, आणि हाच आकार 1943 पासून लेबनॉनच्या ध्वजावर आहे. देवदार अफगाणिस्तानपासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या हिमालयात वाढतो, हिमाचलातल्या देवदाराला तर पावसाळ्याचे पाणी मिळते. दुसरे झाड लेबनॉन, सीरिया आणि तुर्कस्तानातल्या कोरड्या उन्हाळ्यांना सरावलेले आहे. तरीही एकाच पाटीमुळे दोघांच्या मुळांशी उन्हाळाभर सारखेच पाणी साचवले जाते. त्यातही लेबनॉनचे सीडर जागतिक पातळीवर असुरक्षित जातींत गणले जाते.

अकरा वर्षे मी रोज सकाळी त्या देवदाराखाली बसतो. पाच-सहा अर्ज केले, गुडघे दुखत असताना तीन मजले चढलो, आणि दर वेळी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ एवढेच ऐकून परतलो. मंगळवारपासून मला झोप नाही.

हा एका माळ्याचा दोष नाही. मी चाळलेल्या दहा-बारा लागवड अहवालांत झाडांचे आकडे होते, जातीचा रकाना एकातही नव्हता. ज्या व्यवस्थेला झाड म्हणजे केवळ संख्या वाटते, तिला नाव चुकल्याचे दुःख कसे होणार? दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनच्या माणसांनी लेबनॉनच्या डोंगरांत खडकांवर कोरले होते की चार प्रकारची झाडे सम्राटाची राखीव, बाकीची खासगी. छिन्नी हाती असलेल्या त्या लोकांना प्रकार सांगणे महत्त्वाचे वाटले. आपल्या विभागाला पत्र्याची एक पाटी दोन वर्षांत बदलता आली नाही.

आता कापलेल्या जागेखालची एखादी फांदी शेंड्याची जागा घेऊ पाहील. तीही झुकलेलीच असेल. ती छाटू नये आणि बांबूला बांधून सरळही करू नये, असा लेखी आदेश या आठवड्यातच निघावा.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक