एका आकड्यावर महिना भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक चौकट येते : ‘गेला महिना आजवरचा सर्वांत उष्ण’, नाहीतर ‘दुसऱ्या क्रमांकाचा उष्ण’. खाली अंशांचा एक आकडा आणि शेजारी बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं ध्रुवीय अस्वल. अस्वलाबद्दल माझी तक्रार नाही, आकड्याबद्दल आहे. इतके अंश जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त, हे चौकटीत बहुधा नसतंच.

सप्टेंबर २०२३ चंच उदाहरण घ्या. युरोपच्या कोपर्निकस या हवामान सेवेने तो महिना सरासरीपेक्षा ०.९३ अंश सेल्सिअसने उष्ण असल्याचं सांगितलं. त्याच सेवेने १.७५ हाही आकडा दिला. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेचा आकडा १.४४. तिन्ही बरोबर. पहिल्यात तुलना १९९१ ते २०२० च्या सरासरीशी आहे, दुसऱ्यात १८५० ते १९०० च्या, तिसऱ्यात अख्ख्या विसाव्या शतकाच्या. वाचकाने एका महिन्यात १.७५ वाचलं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या पायावरचा एखादा छोटा आकडा वाचला, तर पृथ्वी थंडावली असं समजून तो पान उलटणार. त्याचा दोष काय?

‘जुलै हा पृथ्वीवरचा सर्वांत उष्ण महिना ठरला’ हेही असंच. जुलै दरवर्षीच सर्वांत उष्ण असतो. सूर्य आपल्याला सर्वांत जवळ असतो तो जानेवारीच्या सुरुवातीला. पण जमीन बरीचशी उत्तर गोलार्धात, तिथे जुलै म्हणजे उन्हाळा, आणि जमीन पाण्यापेक्षा चटकन तापते. म्हणून साऱ्या पृथ्वीची सरासरी जुलैत चढते. कोपर्निकसच्या नोंदीत जुलै २०२३ चं सरासरी तापमान १६.९५ अंश, तर जानेवारी २०२४ चं १३.१४. जवळजवळ चार अंशांचा फरक, आणि तरीही दोन्ही महिने आपापल्या जागी त्या वेळचे विक्रमी! जुलैची बरोबरी जुलैशीच करायची असते, ही साधी गोष्ट एका ओळीत सांगता येईल.

आता समुद्र. माझी नोकरी मर्चंट नेव्हीतली, त्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहितो. आमच्या जहाजावरून ग्रीनिच वेळेप्रमाणे दर सहा तासांनी हवामानाची नोंद जायची. ज्याची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी असेल त्याने ती घ्यायची. समुद्राच्या पाण्याचं तापमान बादलीने घ्यायचं. इंजिन थंड करून गरम झालेलं पाणी जिथून बाहेर पडतं, त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन दोराने बादली खाली सोडायची, भरून वर ओढायची, सावलीत धरायची आणि थर्मामीटर पाण्यातून बाहेर न काढता वाचायचा. रेंगाळलात की वाऱ्याने पाणी गार झालंच. इंजिन रूममध्ये फोन करून विचारणं सोपं, पण आत ओढलेल्या पाण्याचा तिथला आकडा हमखास थोडा चढा. तरुण कॅडेटना ही सगळी निरर्थक कटकट वाटायची.

कटकट होतीच, पण निरर्थक नव्हती. जागतिक सागरी तापमानाच्या जुन्या आलेखात १९४५ च्या अखेरीस सुमारे ०.३ अंशांची एकदम घसरण दिसते. समुद्र काही एका झटक्यात निवला नव्हता. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाण्याच्या. युद्ध संपलं आणि बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचं प्रमाण वाढलं. शास्त्रज्ञांनी हे नेमकं दाखवून दिलं ते २००८ मध्ये. आज आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची समुद्रात सोडलेली सुमारे चार हजार तरंगती यंत्रं दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात, उपग्रहाला कळवतात आणि पुन्हा बुडी मारतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. मग चौकटीत फक्त हवेचाच आकडा का? एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या बातम्याही ‘आला’ आणि ‘गेला’ एवढ्याच. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंश आणि १७० ते १२० पश्चिम रेखांश, असा पॅसिफिकमधला एक पट्टा आहे. तिथलं पाणी नेहमीपेक्षा किती तापलं-निवलं हा आकडा दरमहा जाहीर होतो. पुढच्या काही महिन्यांची चाहूल त्यात असते, कारण हवा समुद्राच्या मागून तापते. २०१५ च्या अखेरीस एल निनो शिगेला होता. जागतिक तापमानाचे विक्रम २०१६ मध्येही काही महिने पडत राहिले.

पावसाचं तर विचारूच नका. एका खंडात महापूर, दुसऱ्यात कोरड. जगाची सरासरी काढली की दोन्ही गायब. पाऊस नकाशावरच पाहायचा असतो. २०१०-११ च्या ला निनात (एल निनोच्या उलट, म्हणजे तेच पाणी निवतं तेव्हा) ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात इतकं पाणी पडलं की जगभरची समुद्रपातळी सुमारे ५ मिलिमीटरने खाली आली. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत, आयर सरोवराच्या सखल खोऱ्यात जिरतात किंवा वाळतात. त्यामुळे तिथलं पाणी परतायला वेळ लागला. त्या वर्षी एकटा समुद्रपातळीचा आलेख पाहणाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता. पुढे पाणी परतलं आणि आलेख पुन्हा चढू लागला.

तेव्हा विनंती अशी, की अस्वलाच्या जागी जगाचे दोन छोटे नकाशे छापावेत, एक तापमानातल्या फरकाचा, एक पावसाचा. तुलना कोणत्या वर्षांशी ते लिहावं आणि पॅसिफिकच्या त्या पट्ट्याचा आकडा द्यावा. आणखी एक, मथळे करणाऱ्यांसाठी : उशिरा पोहोचलेल्या नोंदी जमेस धरल्या की मागच्या महिन्यांचे आकडे थोडेफार बदलतात. दोन महिन्यांत शतांशाचाच फरक असेल तर ‘पहिला’ की ‘दुसरा’ हे मोठ्या टाइपात ठरवून टाकू नये.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी