वळणरस्त्यानंतर जुन्या महामार्गाचे काय? केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

सुरतजवळच्या हजिऱ्याहून ओडिशातील पारादीपपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूरला खानदेशात शिरतो आणि कोंडाईबारीचा घाट ओलांडून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा मुक्ताईनगरच्या पुढे विदर्भात जातो. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, तरी आमच्याकडे तो अजून ‘हायवे सहा’च आहे. त्याचे चौपदरीकरण फागणे ते तरसोद, तरसोद ते चिखली अशा तुकड्यांनी होत आले. याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून जागतिक विक्रम झाला. खानदेशाने मात्र या कामाचा हिशेब वर्षांत केला आहे. तो राग येथे उगाळायचा नाही. प्रश्न पुढचा आहे.

पाळधी ते तरसोद हा वळणरस्ता जळगाव शहर टाळतो आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो, कारण सुरत-नागपूर मालवाहतुकीला शहरातून जाण्याचे काहीच कारण नाही. परंतु ट्रक बाहेरून गेले म्हणून जुना रस्ता रिकामा होत नाही. बांभोरीच्या विद्यापीठात जाणारे विद्यार्थी, एस.टी. बस, हंगामात जिनिंगकडे निघालेले कापसाचे ट्रॅक्टर, अजिंठा चौफुलीवर चारी दिशांनी येणाऱ्या दुचाकी, ही सगळी वर्दळ तिथेच राहणार आहे. महामार्गाच्या दोन्ही अंगांना शहर वाढल्यामुळे दूध आणायलाही तो ओलांडावा लागतो, आणि समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी वर्षानुवर्षे केली ती याचसाठी.

वळणरस्त्यामुळे मागे पडलेला भाग राज्याकडे सोपवण्यापूर्वी त्याची एकवेळची सुधारणा करण्याचे आपल्या मंत्रालयाचे धोरण आहे. व्यवहारात अशी सुधारणा डांबराचा एक थर आणि पांढरे पट्टे यांवरच आटोपू नये, एवढीच भीती वाटते. समांतर रस्ते, पावसाळी गटारे, पादचाऱ्यांसाठी सुरक्षित ओलांडणी आणि चौफुल्यांची नव्याने आखणी ही कामे हस्तांतरणाआधीच व्हायला हवीत, कारण नंतर त्यांच्यासाठी लागणारा पैसा महापालिकेच्या तिजोरीतून निघेल असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही.

त्याहून महत्त्वाची, पण सहसा कोणी न बोलणारी गोष्ट म्हणजे रस्त्याची हद्द. महामार्गासाठी संपादित केलेली जागा डांबरी पट्ट्यापेक्षा बरीच रुंद असते आणि तिच्यावरील अतिक्रमण हटवण्याचा अधिकार २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याने महामार्ग प्रशासनाला दिला आहे. रस्ता महामार्गाच्या यादीतून वगळला की त्या कायद्याचा आधारही जातो. आज जिथे हातगाडी आहे तिथे उद्या पत्र्याचे शेड आणि परवा पक्के दुकान उभे राहील, आणि मग समांतर रस्त्यासाठी जागाच उरणार नाही. पोटासाठी हातगाडी लावणाऱ्याला माझा दोष नाही. त्याला वेळीच पर्यायी जागा देणे नंतर त्याचे दुकान पाडण्यापेक्षा माणुसकीचेही आहे आणि स्वस्तही.

हस्तांतरण रेंगाळते तो काळ तर सर्वांत वाईट. केंद्राने मनातून सोडलेला आणि राज्याने अजून हाती न घेतलेला रस्ता म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी. त्या काळात खड्डा कोणी बुजवायचा, बंद पडलेला पथदिवा कोणी लावायचा, हे नागरिकाला कोणत्याच कार्यालयात कळत नाही.

म्हणून विनंती अशी की जळगावच्या जुन्या पट्ट्याची राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, भूमी अभिलेख आणि महापालिका यांनी एकत्र मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, मोजणीचा नकाशा लोकांसाठी खुला करावा, आणि हस्तांतरणाच्या दिवसापर्यंत देखभाल कोणाकडे आहे हे अधिकाऱ्याच्या पदनामासह रस्त्यावरील फलकावर लिहावे. हीच पद्धत पुढे या महामार्गावरील इतर वळणरस्त्यांनाही लागू करता येईल. मात्र जळगावचा मोजणीचा आदेश त्यासाठी थांबवू नये.

आपला,
जळगावचा एक रहिवासी