हात मिळवला म्हणजे मान्यता दिली असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत येऊन गेले त्यावरनं काही जण अजून म्हणतात की जयशंकर यांनी हात मिळवला म्हणजे मान्यता देऊन मोकळे झाले. तसं काही नसतं हो. मान्यता सरकार स्वतः जाहीर करतं, रशियाने जुलै २०२५ मध्ये तालिबानला दिली, आपण दिलेली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ ला बीजिंगच्या विमानतळावर उतरले ते चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्यापुढे हात करूनच, तरी अमेरिकेने त्या चिनी सरकारला मान्यता दिली १ जानेवारी १९७९ ला, म्हणजे मधली जवळपास सात वर्षं भेटीगाठी सगळ्या, कागदावर मान्यता नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. मुत्ताकींची पहिली पत्रकार परिषद अफगाण दूतावासात झाली, इमारतीवर तालिबानच्या आधीच्या अफगाण प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा आणि आत टेबलावर तालिबानचा छोटा पांढरा झेंडा, आणि महिला पत्रकारांना प्रवेशच नाही. परराष्ट्र खातं म्हणालं, आमचा त्यात संबंध नाही. बरं, दूतावासाच्या आवारात परवानगीशिवाय आपले पोलीससुद्धा जाऊ शकत नाहीत, १९६१ चा व्हिएन्ना करारच तसं सांगतो, पण यजमान देशाचे कायदे पाळा असंही त्याच करारात लिहिलंय ना, आणि पाहुणा आला होता तो आपण येऊ दिला म्हणूनच, मग आधी दोन शब्द सांगायला काय हरकत होती? ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घेतली, त्यात महिला होत्या. म्हणजे जमत होतं.

इथे एवढं मोठं मन, आणि २०१८ मध्ये दिल्लीतल्या महिला बॉक्सिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपला कोसोव्होच्या एका बॉक्सरला व्हिसाच मिळाला नाही, कारण आपण कोसोव्होला देश मानत नाही. ती काय राजदूत म्हणून येत होती का? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीने तर कोसोव्होला २०१४ लाच मेंबर करून घेतलंय. माणसाशी सढळ वागा आणि झेंडा, पाटी, पदवी याबाबत कडक राहा, आपण नेमकं उलटं करतो.

असंही नाही की आपल्याला येत नाही. तैवानलाही आपण वेगळा देश म्हणून मान्यता दिलेली नाही, तरी त्याच्या राजधानीत, तैपेईत, १९९५ पासून आपलं ऑफिस आहे, नाव इंडिया तैपेई असोसिएशन, पाटीवर दूतावास हा शब्द नाही पण व्हिसापासून व्यापारापर्यंत कामं व्यवस्थित चालतात आणि कुणाला शंका येत नाही की भारताची भूमिका काय.

आता काबूलमधल्या टेक्निकल मिशनचा, म्हणजे दूतावासाचा दर्जा नसलेल्या आपल्या कार्यालयाचा, आपण दूतावास केलाय. पुढे पूर्ण राजदूत नेमला तर त्याची अधिकारपत्रं, म्हणजे नेमणुकीची पत्रं, तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात द्यावी लागतात, राजदूताऐवजी नुसता प्रभारी ठेवला तर परराष्ट्रमंत्र्यावर भागतं, आणि हा फरक छोटा नाहीये. चीनने तर जानेवारी २०२४ ला तालिबानच्या राजदूताची पत्रं थेट शी जिनपिंग यांच्या हातून स्वीकारली, तरी औपचारिक मान्यता जाहीर केलेली नाही, तो त्यांचा खेळ. आपण यातलं काय करणार ते सरकारने संसदेत सांगावं, आणि तोवर निदान झेंडा कुठला, पाटीवर काय, पत्रकारांना अडवायचं नाही, एवढं तरी पाहुणा विमानात बसायच्या आधी लेखी कळवावं.

– एक वाचक