न्यायाधीशांच्या सहीआधीचं काम

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर माझं काम दोन वाक्यांत उरकतं आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. बाबा, तुमची हयात साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात गेली, तुम्हाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आई, कायद्याचा कंटाळा आला तर मधलं सोडून दे, पण कैद्यांच्या अर्जांचं तेवढं वाच.

मी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सर्किट कोर्टाच्या न्यायाधीशांना मदत करणारी वकील. फ्लोरिडात 20 ज्युडिशियल सर्किट, म्हणजे न्यायालयीन विभाग, आहेत. सर्किट कोर्ट म्हणजे साधारण आपलं जिल्हा व सत्र न्यायालय. मोठे फौजदारी खटले आणि 50,000 डॉलरच्या वरचे दिवाणी दावे तिथे चालतात. न्यायाधीश 6 वर्षांसाठी निवडून येतात. दप्तर सांभाळणारा क्लार्कसुद्धा बहुतेक काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडून येतो, तो न्यायाधीशांच्या हाताखालचा नसतो. आमचं म्हणाल तर वाचन, संशोधन आणि आदेशांचे मसुदे. अपील कोर्टातल्या न्यायाधीशांना स्वतःचे लॉ क्लार्क, म्हणजे संशोधनाला मदत करणारे कायद्याचे पदवीधर, असतात. इथे आम्ही मोजके वकील मिळून अख्ख्या सर्किटच्या न्यायाधीशांना पुरायचं असतं. आपल्याकडे सत्र न्यायाधीश दिवसभर बोर्ड चालवतात आणि मग स्टेनोला निकाल सांगतात, हाताशी संशोधनाला कोणी नाही. तो भार किती असतो ते इथे बसल्यावर जास्त कळतं.

कामाचा मोठा हिस्सा शिक्षा झालेल्या कैद्यांच्या अर्जांचा. राज्याच्या फौजदारी प्रक्रियेतल्या नियम 3.850 खाली कैदी म्हणू शकतो की माझ्या वकिलाने काम नीट केलं नाही, म्हणून शिक्षा रद्द करा. बहुतेक अर्ज कैदी स्वतःच लिहितात, पुष्कळदा हाताने. अक्षर लागत नाही, कलमं चुकीची असतात, एकच तक्रार तीन ठिकाणी येते. तरीही प्रत्येक ओळ वाचावी लागते, कारण खरा मुद्दा कधीकधी चाळिसाव्या पानावर असतो. हे वाचन कंटाळून केलं तर माणसाची वर्षं जातात, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात तारखांपासून. शिक्षा अंतिम झाल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. अपील केलंच नसेल तर अपिलाचे 30 दिवस संपले की शिक्षा अंतिम. अपील झालं असेल तर अपील कोर्टाचं मॅन्डेट, म्हणजे निकालानंतर खालच्या कोर्टाला पाठवलेला औपचारिक हुकूम, निघालं ती तारीख धरायची, निकालाची नाही. नवखे लोक इथे हटकून चुकतात. दुसऱ्या टोकाची तारीख कोर्टात अर्ज पोचल्याची नसते, कैद्याने तो तुरुंग अधिकाऱ्याच्या हातात दिला त्या दिवसाची असते. त्या दिवशीचा तुरुंगाचा शिक्का आणि कैद्याची आद्याक्षरं अर्जावर असतात, ती शोधायची. क्लार्कचा आवकेचा शिक्का बघून अर्ज मुदतबाह्य ठरवला की अपिलात तो आदेश टिकत नाही. मग बघायचं की अर्ज शपथेवर आहे का, 50 पानांच्या आत आहे का, आधी असाच अर्ज फेटाळला गेलाय का, आणि मूळ अपील अजून चालू तर नाही ना. चालू असेल तर खालच्या कोर्टाला अधिकारच नाही. पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून अर्ज काढून टाकायचा.

त्यानंतर एकेक मुद्दा. कसोटी 1984 च्या स्ट्रिकलंड विरुद्ध वॉशिंग्टन निकालाची. वकिलाचं काम रास्त दर्जाच्या खाली होतं का, आणि त्यामुळे निकालात फरक पडण्याची वाजवी शक्यता होती का? दोन्ही लागतात. समजा कैदी म्हणतो, वकिलाने माझा साक्षीदार बोलावला नाही. मग अर्जात त्या साक्षीदाराचं नाव, तो काय सांगणार होता, तो खटल्याच्या वेळी हजर राहू शकला असता का आणि नसल्याने काय नुकसान झालं, हे चारही हवं. एक जरी राहिलं तर मुद्दा अपुरा. पण अपुरा म्हणून लगेच फेटाळायचा नाही, सुधारायला 60 दिवस द्यायचे. तो आदेश अंतिम नसतो, त्यावर अपील नसतं, आणि हे त्या आदेशातच लिहायचं.

मुद्दा पुरेसा असेल तर खरं काम सुरू होतं. सुनावणी न घेता फेटाळायचा असेल तर मूळ फाईलमधली नेमकी पानं आदेशाला जोडावी लागतात, ज्यांतून कैद्याचं म्हणणं निर्विवाद खोटं ठरतं. नुसतं 'रेकॉर्डवरून दिसून येतं' लिहून चालत नाही, कारण अपील कोर्टाला त्या पानांवरूनच ठरवायचं असतं. समजा कैदी म्हणतो, तीन वर्षांत सुटशील असं वकील म्हणाला म्हणून मी गुन्हा कबूल केला. कबुलीच्या वेळचं शब्दशः टिपण उघडायचं. "शिक्षेबद्दल कुणी काही आश्वासन दिलंय का?" असा न्यायाधीशांचा प्रश्न आणि "नाही" हे उत्तर त्यात असेल तर ते पान जोडायचं. पण प्रश्न फक्त "कुणी दबाव आणला का?" एवढाच असेल, तर ते पान आश्वासनाचा मुद्दा खोडत नाही. फरक एका वाक्याचा असतो आणि तो बघायला पाचशे पानं चाळावी लागली तरी चाळायची.

आणखी दोन चुका नेहमीच्या. सरकारी वकील उत्तरासोबत जुन्या बचाव वकिलाचं प्रतिज्ञापत्र जोडतात, आणि मसुदा लिहिणारा त्यावर विसंबतो. तो नवा कागद आहे, मूळ खटल्याच्या फाईलचा भाग नाही. दुसरी म्हणजे 'ही वकिलाची रणनीती होती' असं आपणच ठरवून मोकळं होणं. रणनीती होती की हलगर्जी, हे सहसा त्या वकिलाला साक्षीला बोलावून विचारल्याशिवाय कळत नाही. मग मी न्यायाधीशांना द्यायच्या टिपणात सरळ लिहिते, सुनावणी घ्यावी. अंतिम आदेशाच्या शेवटी कैद्याला 30 दिवसांत अपिलाचा हक्क आहे, हे वाक्य न चुकता घालायचं.

बाबा, आता तुमच्या आवडीचा हिशोब. आपल्या फौजदारी संहितेतल्या कलम 428 ची वजावट, जी 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत कलम 468 झाली, तिचा इथला भाऊ म्हणजे नियम 3.801. शिक्षेआधी काउंटी तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, अर्जाची मुदत 1 वर्ष. माणूस 3 मार्चला आत गेला आणि 10 मार्चला जामिनावर सुटला, तर तारखांची वजाबाकी करून 7 येतात. पण पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरायचे असतात, म्हणजे 8. दुसऱ्या काउंटीच्या तुरुंगात असताना आपल्या काउंटीने नुसता निरोप पाठवून ठेवला असेल तर ते दिवस मिळत नाहीत. वॉरंट प्रत्यक्ष बजावलं त्या दिवसापासून मिळतात. म्हणून प्रत्येक तुरुंगाची आत-बाहेरची नोंद मागवून शेजारी शेजारी ठेवायची. एक दिवस म्हणजे कुणाच्या तरी घरी एक दिवस आधी पोचणं, त्यामुळे मी हा हिशोब दोनदा करते.

दिवाणीतलं थोडक्यात. समरी जजमेंटचा, म्हणजे पूर्ण खटला न चालवता दिलेल्या निकालाचा, निकष 1 मे 2021 पासून फेडरल (केंद्रीय) कोर्टांच्या पद्धतीचा झाला आणि न्यायाधीशांना कारणं सांगावी लागतात, त्यामुळे त्याआधीचे निकाल जपून वापरायचे. राज्याच्या अपील कोर्टांचे जिल्हेही 1 जानेवारी 2023 ला 5 चे 6 झाले, म्हणून कुठला निकाल आपल्यावर बंधनकारक आहे ते सीमा बघून ठरवायचं. आपल्या जिल्ह्याचा निकाल असेल तर तोच. नसेल तर दुसऱ्या जिल्ह्याचाही पाळावा लागतो. दोन्ही बाजूंनी दिलेला प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाचायचा. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल वकिलांनी दिले होते आणि त्यांना 5,000 डॉलर दंड झाला होता. तेव्हापासून ही सवय आणखी घट्ट झाली आहे.

मसुदा माझा असला तरी निर्णय न्यायाधीशांचा. आधी टिपण द्यायचं, त्यात कैद्याची सर्वांत बळकट बाजूही मांडायची, मग ते ठरवतील तसा आदेश लिहायचा. पटलं नाही तर एकदा स्पष्ट सांगायचं आणि नंतर त्यांच्या निर्णयाची कारणं जमतील तितकी नीट लिहायची. एका पक्षाचा मसुदा न्यायाधीशाने जसाच्या तसा उचलल्याबद्दल राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये पर्लो विरुद्ध बर्ग-पर्लो खटल्यात ताशेरे ओढले होते, कारण निकाल न्यायाधीशाचा स्वतःचा दिसला पाहिजे. कोर्टाच्या आतला मसुदा वेगळा हे खरं, पण मी तो धडा स्वतःलाही लावते आणि मसुद्यासोबत सगळी पानं देते, म्हणजे सही करण्याआधी त्यांना स्वतः पडताळता येतं.

वकिलांशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही, ओळखीच्या कुणाला सल्ला द्यायचा नाही, आणि बाहेर वकिली करायची नाही. म्हणून मावशीच्या जावयाच्या भाडेकराराबद्दल मी काही सांगत नाही, त्याला वाईट वाटून घेऊ नको म्हणावं, आई.

बाबा, एक विचारायचंय. वजावटीचे दिवस तुमच्याकडे कोण मोजायचं, जेलचे लोक की कोर्टातला क्लार्क? आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर रोजनाम्यात काय लिहायचे? रविवारी फोन करते, तेव्हा सांगा.

तुमची,
लेक